धावताना, चढताना श्वास मोजणारे सेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेहनतीचं काम सुरू झालं की पहिल्या काही क्षणांत श्वास बदलतो, पण मनगटावर आपण बघत बसतो नाडीचे ठोके. गेल्या काही वर्षांत अंगावर घालून श्वास मोजणारे पट्टे, शर्ट आणि चिकटपट्ट्या बाजारात आल्या आहेत आणि धावणारे, सायकल चालवणारे, गड चढणारे त्यांबद्दल विचारू लागले आहेत. मी धावणाऱ्यांना शिकवतो, हे पट्टे रोज बांधतो आणि सोडतो. माझं मत आधीच सांगतो: श्वास मोजण्यासारखा आहे, पण काही यंत्रं तो खरोखर मोजतात आणि काही त्याचा अंदाज बांधतात. विकत घेण्याआधी एवढं एक समजून घेतलं तरी बराच पैसा आणि मनस्ताप वाचतो.

श्वास मोजणं म्हणजे नेमकं काय मोजणं?

बहुतेक उपकरणं एकच आकडा देतात, मिनिटाला किती श्वास. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचा हा वेग साधारण १२ ते २० असतो. ऊर फुटेपर्यंत धावताना तो ४० ते ६० पर्यंत जातो.

पण हा अर्धाच भाग झाला. दुसरा भाग म्हणजे प्रत्येक श्वास किती खोल आहे. बसल्या जागी एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत येते, जोराच्या व्यायामात दोन-तीन लिटर. वेग आणि खोली यांचा गुणाकार केला की मिनिटाला एकूण किती हवा खेळली ते कळतं. आरामात ती ६ ते ८ लिटर असते, चांगल्या धावपटूची १५० लिटरच्याही पुढे जाते.

नुसता वेग का पुरत नाही, ते हिशेबाने बघा. एक जण मिनिटाला ३० उथळ श्वास घेतो, प्रत्येकी ५०० मिलिलिटर. दुसरा १५ खोल श्वास घेतो, प्रत्येकी १ लिटर. दोघांची हवा सारखीच, १५ लिटर. पण प्रत्येक श्वासातली अंदाजे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, वायुकोशांपर्यंत पोचत नाही. पहिल्याची ४.५ लिटर अशी वाया जाते, दुसऱ्याची सव्वादोन. म्हणजे कामाची हवा एकाला साडेदहा लिटर आणि दुसऱ्याला पावणेतेरा. घड्याळावर फक्त ३० आणि १५ दिसले, तर ही गोष्ट कधीच कळणार नाही.

याखेरीज छाती आणि पोट एकत्र हलतात की मागेपुढे, श्वास आत घ्यायला किती वेळ आणि सोडायला किती, हेही काही उपकरणांना टिपता येतं.

नाडी मोजतोच की. मग श्वास कशाला?

कारण नाडी उशिरा बोलते आणि तिच्यावर इतर गोष्टींचाही पगडा असतो. मे महिन्यात सकाळी आठला धावायला निघालात, तर वेग तोच ठेवूनही नाडी तासाभरात हळूहळू वर सरकत जाते, कारण घामाने शरीरातलं पाणी कमी होतं आणि त्वचा थंड करायला रक्त तिकडे वळतं. चहा-कॉफी, अपुरी झोप, शर्यतीची धाकधूक, सगळं नाडीवर उमटतं. शिवाय ३० सेकंदांची जोरदार दौड मारली, तर नाडी वर पोचेपर्यंत दौड संपलेली असते. श्वासाचा वेग मात्र लगेच चढतो आणि थांबलात की लगेच उतरायला लागतो.

रोमच्या फोरो इतालिको विद्यापीठातल्या आंद्रेआ निकोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच मुद्दा अनेक वर्षं मांडला आहे: माणसाला किती मेहनत वाटते आहे, याच्याशी श्वासांचा वेग फार जवळून जोडलेला असतो. माझाही अनुभव तोच आहे. तुकड्यातुकड्यांनी जोरात धावण्याच्या सरावात मी नाडीपेक्षा श्वासाच्या आलेखाकडे जास्त बघतो.

लांब, संथ पल्ल्याला मात्र नाडी पुरेशी आहे. तिथे श्वासाचा सेन्सर नसला तरी काही अडत नाही.

माझं घड्याळ श्वासांचा वेग दाखवतं. मनगटावरून ते कसं कळतं?

मनगटावर छाती फुगत नाही, म्हणजे हा अंदाजच असतो. पण तो हवेत बांधलेला नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जवळ येतात, सोडताना किंचित लांबतात. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा रक्ताचा प्रत्येक ठोका पकडतो, आणि ठोक्यांमधल्या अंतरांची ही लाट मोजून सॉफ्टवेअर श्वास किती झाले ते काढतं. काही घड्याळं झोपेत हाताची अतिसूक्ष्म हालचाल बघूनही हे करतात.

अडचण अशी की ही लाट विश्रांतीत ठळक असते आणि जोर वाढेल तशी विरत जाते. विश्रांतीत हृदयाला लगाम घालणारा मज्जातंतू व्यायामात मागे हटतो, आणि ठोके घड्याळाच्या काट्यासारखे एकसारखे पडू लागतात. म्हणजे श्वासाची गरज जिथे सर्वात जास्त, तिथेच अंदाजाचा आधार सुटतो. त्यात हात हलतो, पट्टा सरकतो, घाम येतो.

म्हणूनच ॲपलचं घड्याळ श्वासांचा वेग फक्त झोपेत मोजतं, तेही २०२१ च्या वॉचओएस ८ या प्रणालीपासून. गार्मिनच्या बहुतेक घड्याळांना धावतानाचा श्वास हवा असेल, तर छातीवरचा पट्टा जोडावा लागतो. कंपन्यांनी स्वतःच आखलेली ही मर्यादा आहे आणि ती प्रामाणिक आहे.

झोपेतला आकडा कमी महत्त्वाचा समजू नका. तो एरवी रात्रीमागून रात्री जवळपास तसाच राहतो, त्यामुळे बदलला की उठून दिसतो. जून २०२० मध्ये अमेरिकी गोल्फपटू निक वॉटनी यांनी आपल्या मनगटी पट्ट्यावर झोपेतला श्वासवेग अचानक वाढलेला पाहिला, चाचणी करून घेतली आणि कोविड निघाला. पट्ट्याने आजार ओळखला असं नव्हे. काहीतरी बदललंय एवढंच त्याने सांगितलं, आणि तेवढं पुरलं.

छातीवर बांधायचे पट्टे सगळे सारखेच का?

नाहीत, आणि सर्वात जास्त फसगत इथेच होते. दुकानात दोन्ही पट्टे सारखेच दिसतात.

पहिला प्रकार नाडीचा पट्टा. तो हृदयाची विद्युत लहर पकडतो, ठोक्यांचा हिशेब घड्याळापेक्षा खूप नेमका ठेवतो, पण श्वास पुन्हा त्या हिशेबातूनच काढतो. ईसीजीच्या लहरींची उंचीही श्वासाबरोबर कमी-जास्त होते, कारण फुप्फुसात हवा भरली की छातीतून वीज वाहण्याचं प्रमाण बदलतं आणि हृदय जरासं कलतं. काही उपकरणं त्याचाही उपयोग करतात. मनगटापेक्षा हे बरंच बरं, तरी अंदाजच.

दुसऱ्या प्रकारच्या पट्ट्यात छातीचा घेर प्रत्यक्ष जाणवणारा सेन्सर असतो. छाती फुगली की तो ताणला जातो किंवा दाबला जातो, आणि तो ताण थेट श्वासाचा आलेख होतो. झेफिर कंपनीचा बायोहार्नेस या जातीचा. २०१० साली चिलीमधल्या कोपियापोजवळच्या सान होसे खाणीत ३३ कामगार ६९ दिवस अडकले होते. त्यांना वर काढण्याच्या काळात त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवायला हेच पट्टे वापरले गेले. टाइमवेअर नावाची कंपनी असा पट्टा खास धावपटू आणि सायकलपटूंसाठी बनवते.

विकत घेताना एकच प्रश्न विचारा: हा पट्टा श्वास मोजतो, की नाडीवरून काढतो? दुकानदाराला सांगता आलं नाही, तर माहितीपत्रकात शोधा.

स्मार्ट शर्टमध्ये काय वेगळं असतं?

शर्टात दोन कड्या असतात, एक छातीभोवती आणि एक पोटाभोवती. प्रत्येकीत नागमोडी शिवलेली बारीक तार. तारेतून अगदी क्षीण, जलद उलटसुलट होणारा प्रवाह सोडतात. घेर बदलला की त्या वेटोळ्याचे विद्युत गुणधर्म बदलतात आणि तो बदल मोजला जातो. ही पद्धत १९७० च्या दशकातली, इस्पितळांत आणि झोपेच्या तपासण्यांत मुरलेली. कॅनडातल्या माँट्रियलची हेक्सोस्किन कंपनी तीच पद्धत शर्टात शिवून विकते.

दोन कड्या का, याचं उत्तर १९६७ साली कोन्नो आणि मीड या शास्त्रज्ञांनी दिलं. श्वास घेताना बरगड्यांचा पिंजरा आणि पोट हे दोन भाग बऱ्यापैकी स्वतंत्रपणे हलतात, आणि दोघांच्या हालचालींची योग्य बेरीज केली की आत आलेली हवा कळते. एकच कडी असेल, तर पोटाने श्वास घेणाऱ्याचा अर्धाअधिक श्वास तिच्या हाती लागत नाही. गड चढताना मांडीवर हात टेकवून वाकून चालणाऱ्या माणसाची छाती जवळजवळ स्थिर आणि पोट तेवढं हलताना मी कित्येकदा पाहिलं आहे. छातीचा पट्टा त्या वेळी सरळ रेघ काढत असतो.

मात्र शर्टाला लिटर आपोआप कळत नाहीत. त्याला कळतो तो घेर. घेराचे लिटर करायचे, तर आधी ठरावीक मापाच्या पिशवीत किंवा फुंकायच्या यंत्रात श्वास सोडून त्या माणसापुरतं माप जुळवून घ्यावं लागतं. शर्ट सरकला, कमरेतून वाकलात, पोटभर जेवलात, की ते माप ढळतं. प्रयोगशाळेबाहेर हे माप कोणी फारसं जुळवत नाही. म्हणून शर्टातला ‘लिटर’ हा आकडा मी आजच्याची कालच्याशी तुलना करण्यापुरताच धरतो, माझी आणि तुमची तुलना करायला नाही.

याच घराण्यातला शर्ट अंतराळातही गेला आहे. कॅनडाच्या अंतराळ संस्थेचा बायो-मॉनिटर २०१९ च्या जानेवारीत अंतराळवीर डेव्हिड सेंट-जाक यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पहिल्यांदा घालून पाहिला.

धावताना आकडा मधेच दुप्पट होतो किंवा अडकून बसतो. बिघाड आहे का?

बहुतेक वेळा बिघाड नसतो, पावलं आणि श्वास यांची गल्लत झालेली असते. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट मला इथेच दिसते.

डेनिस ब्रॅम्बल आणि डेव्हिड कॅरियर यांनी १९८३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं की धावणारे प्राणी पावलं आणि श्वास यांचा ठेका जुळवतात. घोड्यासारखा चारपायी प्राणी दौडताना एका झेपेला एकच श्वास घेतो, त्याला पर्याय नसतो. माणूस दोन पायांवर असल्याने मोकळा आहे. तो चारास एक, तीनास एक, दोनास एक, अडीचास एक अशी वेगवेगळी प्रमाणं वापरतो आणि वेगानुसार बदलतो. सर्वात जास्त आढळतं ते दोनास एक, म्हणजे डाव्या-उजव्या पावलांच्या दोन पूर्ण जोड्यांना एक श्वास.

आता हिशेब करा. तुम्ही मिनिटाला १७० पावलं टाकता, म्हणजे ८५ जोड्या. दोनास एक प्रमाण असेल, तर श्वास साधारण ४२. धड दर जोडीला एकदा डावी-उजवीकडे वळतं, म्हणजे मिनिटाला ८५ वेळा, आणि हे वळणंही पट्ट्याला ताण देतं. सेन्सरला एकाच वेळी ४२, ८५ आणि १७० अशा तीन लाटा दिसतात, त्याही एकमेकींच्या पटीत. सॉफ्टवेअरने ८५ ची लाट श्वास म्हणून उचलली, की आकडा दुप्पट. आणि चुकून ४२ च उचलली पण ती पावलांच्या ठेक्याला बांधून घेतली, तर तुम्ही श्वास बदललात तरी आकडा तिथेच अडकतो.

चांगल्या उपकरणांत यासाठी वेगळा हालचाल-सेन्सर असतो. तो पावलं मोजतो आणि श्वासाच्या आलेखातून पावलांचा वाटा वजा करतो. सायकलवर हा त्रास बराच कमी, कारण धड स्थिर असतं. नवीन पट्टा मी आधी सायकलवर घालायला सांगतो, ते यासाठीच.

बोलताना, गाताना किंवा कबड्डी खेळताना काय दिसतं?

बोलणं पूर्णपणे उच्छ्वासावर चालतं. बोलणाऱ्याचा आलेख त्यामुळे वेगळाच दिसतो: चटकन वर चढणारी रेघ आणि मग लांबलचक, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा उतार. श्वासांची संख्या कमी दिसते, माणूस दमलेला असला तरी.

कबड्डीतली चढाई याचं टोकाचं रूप आहे. नियमाप्रमाणे चढाईपटूने एका दमात अखंड ‘कबड्डी’ म्हणायचं, आणि चढाईची मुदत ३० सेकंदांची. त्या वेळात तो हुलकावण्या देतो, पाय टाकतो, निसटतो, आणि हे सगळं लांबवलेल्या उच्छ्वासावर. ‘मिनिटाला किती श्वास’ या आकड्याला इथे काहीच अर्थ उरत नाही. बघण्यासारखं असतं ते चढाईनंतरचं: परत आल्यावर पहिले दहा-बारा श्वास किती खोल आणि ते पूर्वपदाला किती लवकर येतात. आपल्याकडच्या खेळासाठी आपल्याकडच्या कोणीतरी हे नीट अभ्यासावं, असं मला मनापासून वाटतं. फक्त अंगाला पकडी बसणाऱ्या खेळात टणक डबी असलेला पट्टा नको, सरावातच वापरा.

कपालभाती आणि प्राणायाम मोजता येतो का?

संथ प्राणायाम उत्तम मोजता येतो, पोटावर पट्टा असेल तर अधिकच. कपालभातीत मात्र गडबड होते. तिचे झटके मिनिटाला ६० च्या पुढे जातात, आणि बरीच सॉफ्टवेअर त्यापलीकडचं सगळं ‘हालचालीचा गोंधळ’ म्हणून गाळून टाकतात. आकडा शून्याकडे गेला किंवा भलताच आला, तर यंत्राला दोष देऊ नका. ते त्या कामासाठी बनलेलंच नाही.

प्रयोगशाळेतल्या मुखवट्याच्या तपासणीची बरोबरी होते का?

नाही. मुखवट्यातून हवा थेट मोजली जाते, शिवाय ऑक्सिजन किती वापरला आणि कार्बन डायऑक्साइड किती सोडला हेही कळतं. पट्ट्याला वायू कळत नाहीत, फक्त हालचाल कळते.

मुखवट्याची पद्धत जुनी आहे. ऑक्सफर्डचे सी. जी. डग्लस यांनी १९११ साली पाठीवर घ्यायच्या पिशवीत उच्छ्वास गोळा करायची युक्ती वर्णन केली, आणि ‘डग्लस पिशवी’ हे नाव अजूनही चालतं. आज इटलीच्या कॉस्मेडसारख्या कंपन्यांची पाठीवर बांधायची यंत्रं आहेत. पण मुखवटा घालून कोणी दोन तास धावत नाही, आणि तोंडावर काही लावलं की श्वास थोडा बदलतोच. पट्ट्याची खरी ताकद इथे आहे: तो रोज, रस्त्यावर, विसरून जाण्याइतक्या सहजपणे घालता येतो.

सरावात त्याचा उपयोग कसा करायचा?

जोर हळूहळू वाढवत नेला, तर श्वासाच्या आलेखात दोन जागी मोड दिसतो. पहिल्या मोडाआधी सलग वाक्यं बोलता येतात. त्यानंतर वाक्यं तुटायला लागतात. दुसऱ्या मोडानंतर एखाद-दुसरा शब्दच निघतो आणि हा जोर फार वेळ टिकत नाही. श्वास आधी खोल होत जातो. पण खोली फुप्फुसांच्या कमाल क्षमतेच्या साधारण अर्ध्याच्या आसपास जाऊन अडते, आणि तिथून पुढे सगळा भार वेगावर येतो. म्हणून दुसऱ्या मोडाजवळ श्वासांचा वेग एकदम उसळतो.

लांब पल्ल्याचे दिवस पहिल्या मोडाच्या अलीकडे ठेवायचे, हे जुनंच सूत्र. सेन्सरमुळे तो मोड तुमच्यापुरता कुठे आहे ते सापडतं. दर आठवड्याला शोधू नका. दीड-दोन महिन्यांतून एकदा, त्याच चढावर किंवा त्याच ट्रेडमिलवर, पुरे.

आकडा बघून श्वास मुद्दाम आवरायला जाऊ नका. शरीर कार्बन डायऑक्साइडचा हिशेब तुमच्यापेक्षा चांगला ठेवतं.

मला दमा आहे. हे सेन्सर उपयोगी पडतील का?

पूरक म्हणून, हो. निदानासाठी नाही.

व्यायामाने श्वासनलिका आकसण्याचा त्रास बऱ्याचदा व्यायाम थांबवल्यानंतर काही मिनिटांत वाढतो. धावताना ठीक आणि थांबल्यावर खोकला, छाती आवळणं, शिट्टीसारखा आवाज, असा क्रम असेल तर डॉक्टरांना तो क्रम तसाच सांगा. निदान फुंकण्याच्या तपासणीने होतं: पहिल्या सेकंदात जोराने बाहेर पडणारी हवा व्यायामानंतर १० टक्के किंवा जास्त घटली का, ते बघतात. कोणताही पट्टा ही घट मोजत नाही.

आणखी एक गोष्ट तरुण खेळाडूंच्या पालकांसाठी. श्वास आत घेताना गळ्याशी कर्कश आवाज होत असेल आणि पंपाने फरकच पडत नसेल, तर त्रास श्वासनलिकेत नसून स्वरयंत्राशी असू शकतो. जोराच्या व्यायामात तिथली वाट अरुंद होते. अशी मुलं वर्षानुवर्षं दम्याची औषधं घेत राहतात. झटका आला तेव्हाचा मोबाइलवरचा आवाजासकट व्हिडिओ इथे कुठल्याही पट्ट्यापेक्षा डॉक्टरांच्या जास्त कामी येतो.

छातीत दुखणं, चक्कर, ओठ निळसर होणं, एक शब्दही न उच्चारता येणं, यांपैकी काही झालं तर थांबा आणि मदत मागा. स्क्रीनवर काय लिहिलंय ते त्या वेळी बघू नका.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. तो पुरेल ना?

ते वेगळं यंत्र आहे. रक्तात ऑक्सिजन किती टक्के भरला आहे ते ते सांगतं, श्वास किती आणि कसे ते नाही. धडधाकट माणसाचं ऑक्सिजन ऊर फुटेपर्यंत धावतानाही फारसं घसरत नाही, त्यामुळे त्याच्याकडे बघून मेहनतीचा अंदाज येत नाही. शिवाय हात हलला की ते चुकतं. २०२० मध्ये अमेरिकेतून आलेल्या एका अभ्यासाने कृष्णवर्णीय रुग्णांत ही यंत्रं ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतात, हे ठळकपणे पुढे आणलं. आपल्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

मुंबई-पुण्याच्या हवेत धावताना याचा काही उपयोग?

आहे. हवेतली धूळ सगळ्यांना सारखी, पण छातीत किती जाते ते तुम्ही मिनिटाला किती लिटर हवा ओढता यावर ठरतं. बाकावर बसलेला ८ लिटर ओढतो आणि त्याच्यासमोरून धावणारा ८०. म्हणजे तेवढ्याच वेळात दसपट. नाकाऐवजी तोंडाने श्वास सुरू झाला की नाकाची गाळणीही सुटते. न्यू यॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी सायकलस्वारांच्या अंगावर श्वास आणि धूळ असे दोन्ही सेन्सर लावून हाच हिशेब मांडला होता.

हिवाळ्यात पहाटे धूर खाली बसलेला असतो. त्या दिवसांत जोराचा सराव टेकडीवर किंवा उन्हं वर आल्यावर, आणि मोठ्या रस्त्याकडेला फक्त हलकं धावणं, असा बदल मी सुचवतो.

पट्टा कुठे आणि कसा बांधायचा? घाम, पाऊस, बायकांसाठी काही वेगळं?

छातीचा पट्टा छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी, पोटाची कडी बेंबीच्या पातळीला. पूर्ण श्वास सोडून मग बांधा. दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. फार आवळला तर तो श्वासच अडवतो, सैल असेल तर पहिल्या किलोमीटरला घसरतो. पट्टा घसरला की आलेख अचानक बुटका होतो, ही खूण लक्षात ठेवा.

बायकांनी स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीच्या लगेच खाली बांधावा, वर नको. घट्ट ब्रा आणि त्यावर पट्टा असं झालं तर दोघांच्या ओढाताणीत श्वासाची रेघ सपाट होते.

नाडीसाठीच्या कोरड्या पट्ट्यांना ओल हवी असते. सुरुवातीला पाण्याने भिजवा, पुढचं काम घाम करतो. चिकटवायच्या पट्ट्यांचं उलट आहे: कोकणातल्या दमटपणात किंवा सातारच्या पावसातल्या शर्यतीत त्या तासाभरात सुटू लागतात. धावून आल्यावर साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. वॉशिंग मशीन नको, मीठ साठू देणं त्याहून नको.

पोहताना?

जवळजवळ निरुपयोगी. ब्लूटूथचा संदेश पाण्यातून जात नाही, आणि पोहताना श्वास हाताच्या फेकीला बांधलेलाच असतो.

पेसमेकर असलेल्यांनी वापरावं का?

आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. काही पेसमेकर स्वतःच छातीतल्या विद्युत रोधावरून श्वास मोजतात आणि मेहनत वाढली की ठोके वाढवतात. म्हणजे या माणसांच्या अंगात श्वासाचा सेन्सर आधीच बसवलेला आहे. बाहेरून छातीत प्रवाह सोडणारं उपकरण त्यात ढवळाढवळ करू शकतं.

माझा सेन्सर बरोबर सांगतो की नाही, घरी कसं तपासू?

खुर्चीत बसा, मोबाइलवर ठोक्यांचं ॲप लावा. दोन मिनिटं मिनिटाला १५ श्वास, मग दोन मिनिटं ३० असे ठोक्यावर घ्या. आकडा मागोमाग यायला हवा. बहुतेक उपकरणं अर्ध्या-एक मिनिटाची सरासरी दाखवतात, तेवढा उशीर धरा. चक्कर वाटली तर जलद भाग लगेच सोडा.

मग ट्रेडमिलवर किंवा जागच्या जागी धावा आणि कोणालातरी मिनिटभर तुमचे श्वास मोजायला सांगा. स्वतः मोजू नका. लक्ष गेलं की श्वास बदलतो. बसून बरोबर आणि धावताना चूक असेल, तर तुमचं यंत्र अंदाजवाल्या जातीचं आहे किंवा पट्टा सैल आहे.

कंपनीच्या अचूकतेच्या दाव्यात दोन गोष्टी शोधा: कोणत्या हालचालीत तपासलं आणि कशाशी ताडून. ‘सरासरी चूक शून्य’ यावर भुलू नका. निम्म्या वेळा सहा श्वास जास्त आणि निम्म्या वेळा सहा कमी दाखवले, तरी सरासरी चूक शून्यच येते.

मग घेऊ काय?

झोप आणि तब्येतीकडे लक्ष ठेवायचं असेल, तर हातात आहे तेच घड्याळ. धावण्याचा सराव नेटाने करत असाल, तर घेर मोजणारा छातीचा पट्टा. शर्ट संशोधन करणाऱ्यांना आणि संघांच्या प्रशिक्षकांना परवडतो आणि उपयोगी पडतो, एकट्या हौशी धावपटूला मी सुचवत नाही. नुकतंच धावायला लागलेल्यांनी सध्या काहीच घेऊ नये. शेजारच्या माणसाशी गप्पा मारत धावता येतंय का, एवढी कसोटी वर्षभर पुरते.

माझ्या श्वासाची माहिती जाते कुठे?

बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर, बऱ्याचदा देशाबाहेर. श्वासावरून झोप, आजारपण, दारू, ताण यांचा माग लागू शकतो, म्हणून ही माहिती पावलांच्या आकड्याइतकी निरुपद्रवी नाही. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला. संमती मागे घेणं आणि माहिती पुसून मागणं हे अधिकार त्यात आहेत. ॲप बसवताना स्थान, संपर्क अशा अनावश्यक परवानग्या नाकारा, आणि कच्चा आलेख फाइल म्हणून उतरवून घेता येतो का ते आधी बघा. संघात खेळणाऱ्यांनी प्रशिक्षकाला एक गोष्ट स्पष्ट विचारावी: हे आकडे निवड समितीसमोर ठेवले जाणार आहेत का? उत्तर लेखी मिळेपर्यंत पट्टा बांधू नका.